मित्रांचे अंक : मराठी लघुअनियतकालिकांच्या निर्मितिव्यवहाराचा इतिहास

प्रास्ताविक

स्वातंत्र्योत्तर मराठी साहित्याच्या इतिहासात लघुअनियतकालिकांचा विषय बहुधा एका परिच्छेदात आटोपला जातो. ‘प्रस्थापितांविरुद्ध बंड’ आणि ‘पाश्चात्त्य प्रभाव’ या दोन शब्दप्रयोगांत साऱ्या चळवळीची बोळवण होते आणि विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांतही वर्षानुवर्षे हेच दोन शब्दप्रयोग फिरत राहतात. ते सर्वस्वी चुकीचे आहेत असे नव्हे; परंतु त्यांतून घडलेली गोष्ट दिसत नाही. घडलेली गोष्ट अशी की, काही तरुण मित्र एकत्र आले, त्यांनी पदरमोड केली आणि कोणाचीही परवानगी न मागता स्वतःचा अंक काढला. प्रस्तुत लेखात या अंकांकडे वाङ्मयीन भूमिका म्हणून नव्हे, तर प्रत्यक्ष व्यवहार म्हणून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. अंक कशावर निघाला, पैसा कोठून आला, तो टपालात कसा पडला आणि कोठे पोहोचू शकला नाही, या प्रश्नांची उत्तरे साहित्याच्या इतिहासापेक्षा छपाईच्या, कायद्याच्या आणि मैत्रीच्या इतिहासात अधिक सापडतात.

मैत्रीतून नियतकालिक : पूर्वपरंपरा

मित्रांनी मिळून पत्र काढणे ही मराठीत १९६०च्या दशकाची नवलाई नव्हे. ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ निघाले तेव्हा बाळशास्त्री जांभेकर विशीच्या आसपासचे होते आणि त्यांच्या सोबतीला गोविंद विठ्ठल कुंटे तथा भाऊ महाजन होते. पुढे १८४१ मध्ये भाऊ महाजनांनी ‘प्रभाकर’ हे स्वतःचे पत्र काढले. १८७४ मध्ये सुरू झालेली ‘निबंधमाला’ विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी जवळजवळ एकट्याने चालविली. १८८१च्या जानेवारीत ‘मराठा’ आणि ‘केसरी’ निघाले ते मात्र मित्रमंडळाचे काम होते. छापखान्याचे सामान टिळक-आगरकरांनी स्वतःच्या हातांनी हलविल्याची आठवण आजही सांगितली जाते. कोल्हापूर प्रकरणातील अब्रुनुकसानीच्या खटल्यात १८८२ मध्ये या दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात एकत्र १०१ दिवस काढले. तरीही १८८७ मध्ये आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. पत्र टिकले, मैत्री मात्र टिकली नाही. हा अनुभव पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण साठोत्तरी अंकांच्या बाबतीत पुष्कळदा याच्या उलट घडले.

‘शब्द’ आणि चक्रमुद्रणयंत्र

मराठीतील पहिले लघुअनियतकालिक म्हणून ज्याचा निर्देश केला जातो तो ‘शब्द’ १९५४ मध्ये मुंबईत निघाला आणि अधूनमधून १९६० पर्यंत निघत राहिला. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ ही त्यामागची मित्रमंडळी. चित्र्यांचा जन्म १९३८ मधला. म्हणजे ‘शब्द’च्या आरंभी त्यांनी वयाची सोळा वर्षे जेमतेम गाठलेली होती. कोलटकर त्यांच्याहून सहा-सात वर्षांनी मोठे आणि जे. जे. कला महाविद्यालयात चित्रकलेचे शिक्षण घेतलेले. चित्र्यांच्या घरी नियतकालिकाचे वातावरण होते. त्यांचे वडील पुरुषोत्तम चित्रे बडोद्याहून ‘अभिरुची’ हे दर्जेदार मासिक प्रसिद्ध करीत असत. ‘शब्द’कडे केवळ बंडखोरी म्हणून पाहणाऱ्यांनी हा धागा सहसा विचारात घेतलेला नाही. नियतकालिक काढणे ही काही अलौकिक गोष्ट नाही, घरातल्या टेबलावरही अंक तयार होतो, हे ज्याने लहानपणी पाहिले आहे त्यालाच सोळाव्या वर्षी असे धाडस सुचते.

‘शब्द’ छापलेला नव्हता, तो सायक्लोस्टाइल केलेला म्हणजे चक्रमुद्रित होता. या यंत्राचे काम नव्या पिढीतील अध्यापकांना ठाऊक असण्याची शक्यता कमी आहे, म्हणून थोडे विस्ताराने सांगणे इष्ट ठरेल. मेणाचा लेप दिलेल्या पातळ कागदावर, म्हणजे स्टेन्सिलवर, फीत काढलेल्या टंकयंत्राने किंवा टोकदार लोखंडी लेखणीने अक्षरे उमटविली जात. जेथे अक्षर उमटे तेथील मेण बाजूला होई. हा स्टेन्सिल शाईच्या रुळावर चढवून दांडा फिरविला की, अक्षराच्या फटीतून शाई झिरपून खालच्या कागदावर मजकूर उतरे. एका स्टेन्सिलवरून काहीशे प्रती निघत; त्यानंतर तो फाटू लागे. चूक झाल्यास त्या जागी द्रव लावून, तो वाळू देऊन पुन्हा अक्षर कोरावे लागे. कागद खरखरीत, शाई शोषून घेणारा लागे, नाहीतर पानांना पाने चिकटत.

या यंत्राचे महत्त्व देवनागरीच्या संदर्भात विशेष आहे. खिळे जुळवून छापायचे तर जोडाक्षरे, अर्धी अक्षरे, मात्रा, वेलांट्या यांमुळे देवनागरीच्या पेटीत रोमन लिपीच्या कित्येक पट अधिक खिळे लागतात. त्यासाठी कसलेला जुळारी हवा, छापखाना हवा आणि छापखान्याच्या मालकाची मर्जीही हवी. सायक्लोस्टाइलच्या स्टेन्सिलवर हाताने लिहिले की, या सर्व अडथळ्यांना एकाच वेळी बगल मिळते. हस्ताक्षर आणि रेखाटन एकाच पृष्ठावर, एकाच लेखणीने उतरविता येते. चित्रकार आणि कवी एकाच मित्रमंडळात असतील तर या यंत्राइतके सोयीचे साधन दुसरे नव्हते.

हे यंत्र महाराष्ट्रात साहित्यिकांनी आणलेले नाही, हेही नोंदविले पाहिजे. ते सरकारी व खाजगी कचेऱ्यांतून आले आणि त्याआधी ते चळवळीत वापरले गेले होते. १९४२च्या आंदोलनात चक्रमुद्रित बुलेटिने गुप्तपणे वाटली जात. शहापूर-मुरबाड परिसरातील वाचकांना त्या काळाची ओळख वेगळी करून देण्याची गरज नाही. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना मुरबाड तालुक्यातील सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी हौतात्म्य आले. ज्या साधनाने दशकभरापूर्वी राजद्रोहाचा मजकूर पसरत होता, त्याच साधनावर १९५४ मध्ये कविता निघू लागल्या. संस्थेशिवाय, भांडवलाशिवाय आणि घाईने मजकूर पोहोचविणे हा गुण मात्र दोन्हीकडे तोच राहिला.

‘अनियत’ असण्याचा अर्थ

‘लघु’ या विशेषणाचा अर्थ सर्वांना कळतो. ‘अनियत’चा मात्र पुरेसा विचार झालेला नाही. पैसे जमले की अंक, मजकूर जमला की अंक, असा हा व्यवहार होता. परंतु अनियतपणा केवळ हलगर्जीपणाचा वा गरिबीचा परिणाम नव्हता. नियतकालिक नियमित झाले की कायद्याचा आणि टपाल खात्याचा एक संपूर्ण संसार त्याच्या मागे लागतो. १८६७च्या मुद्रण व नोंदणी कायद्यानुसार प्रत्येक मुद्रित कागदावर मुद्रक व प्रकाशक यांचे नाव आवश्यक होते आणि वृत्तपत्रासाठी दंडाधिकाऱ्यांसमोर प्रतिज्ञापन करावे लागे. १९५५च्या दुरुस्तीने ‘मुद्रण’ या संज्ञेत सायक्लोस्टाइलचाही समावेश करण्यात आला. कोणा पोटतिडकीच्या कवीपेक्षा विधिमंडळाला या यंत्राचे सामर्थ्य अधिक लवकर उमगले होते, असे यावरून गमतीने म्हणता येईल. हा दीडशे वर्षांहून अधिक काळ टिकलेला कायदा २०२३च्या नव्या कायद्याने रद्द झाला.

टपालाची बाब याहून अधिक परिणामकारक होती. १८९८च्या टपाल कायद्यानुसार वृत्तपत्राचा सवलतीचा दर मिळण्यासाठी अंकांमधील अंतर एकतीस दिवसांपेक्षा अधिक असता कामा नये आणि वर्गणीदारांची खरीखुरी यादी हवी, अशा अटी होत्या. जो अंक कधी निघेल हे संपादकालाच ठाऊक नाही, त्याला ही सवलत मिळणे शक्य नव्हते. परिणामी प्रत्येक प्रतीसाठी पूर्ण दर मोजावा लागे. त्यामुळे अंक ओळखीच्या माणसालाच, शक्यतो हातोहात दिला जाई. लघुअनियतकालिकांचे वाचक मूठभर होते, अशी टीका नेहमी होते. ती खरी आहे. परंतु त्यामागे जशी वाङ्मयीन तुसडेपणाची वृत्ती होती, तसे टपालदराचे गणितही होते.

जाहिरात हा दुसरा मार्ग. याच काळातील एक दूरचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. १९६० मध्ये कॅलिफोर्नियात जॉन सेव्हर्सन या तरुणाने, समुद्राच्या लाटांवर फळीने स्वार होण्याच्या खेळावर आपण काढलेल्या चित्रपटासोबत विकण्यासाठी ‘द सर्फर’ नावाची छत्तीस पानी पुस्तिका तयार केली. तीही छंदाचीच निर्मिती होती. परंतु त्या छंदाच्या मागे फळ्या आणि पोशाख विकणारा व्यापार उभा राहत होता. त्या व्यापाराच्या जाहिरातींवर पुस्तिकेचे नियतकालिक झाले आणि ते २०२० पर्यंत चालले. मराठी कवितेच्या मागे विकण्यासारखी फळी नव्हती. छंद व्यापारात बदलण्याचा रस्ताच उपलब्ध नसल्यामुळे आमच्याकडील अंक एक तर मित्रांच्या खिशावर चालले किंवा बंद पडले. ‘आम्ही जाहिराती घेत नाही’ या बाण्यामागील ही वस्तुस्थितीही अभ्यासकाने ध्यानात घ्यावी.

१९६३ नंतरचा विस्तार

१९६३ हे वर्ष अनेक अर्थांनी महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी अशोक शहाणे यांचा ‘आजकालच्या मराठी वाङ्मयावर क्ष-किरण’ हा लेख ‘मनोहर’ मासिकात प्रसिद्ध झाला आणि त्याने मोठी खळबळ माजविली. त्याच वर्षी त्यांनी ‘असो’ काढले. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ही याच वर्षातील. पुढे ‘फक्त’, ‘येरू’, ‘आत्ता’, ‘वाचा’ असे अंक निघाले. राजा ढाले, सतीश काळसेकर, तुलसी परब, वसंत गुर्जर, मनोहर ओक, चंद्रकांत खोत, भाऊ पाध्ये ही नावे या वर्तुळात पुनःपुन्हा आढळतात. एका अंकाचा लेखक दुसऱ्या अंकाचा संपादक आणि तिसऱ्याचा वाटप करणारा, अशी ही व्यवस्था होती.

अंकांची नावेच पाहावीत. ‘विविधज्ञानविस्तार’, ‘ज्योत्स्ना’, ‘अभिरुची’ या जुन्या मासिकांच्या नावांत संस्कृत शब्दांचा डौल आहे. त्याउलट ‘असो’, ‘फक्त’, ‘आत्ता’ ही बोलता बोलता तोंडून निघणारी अव्यये आहेत. ‘वाचा’ हा चक्क आदेश आहे आणि ‘येरू’ म्हणजे तर कोणीही सोम्यागोम्या. भाषेच्या कोणत्या स्तरावरून बोलायचे हे मुखपृष्ठावरच ठरून जाई.

‘पाश्चात्त्य प्रभाव’ या आक्षेपाचा कालक्रमाच्या आधारे विचार करावा लागतो. ॲलन गिन्सबर्ग भारतात आले ते १९६२-६३ मध्ये आणि मुंबईतील तरुण लेखकांशी त्यांचा संबंध आला हे खरे. परंतु ‘शब्द’ त्यापूर्वी आठ वर्षे सुरू झालेला होता. गिन्सबर्ग यांची ‘हाउल’ ही प्रसिद्ध कविता पुस्तकरूपाने आली तीही १९५६ मध्ये. शिकागोहून १९१४ मध्ये मार्गारेट अँडरसन यांनी सुरू केलेल्या ‘द लिटल रिव्ह्यू’ची आणि त्यातील ‘युलिसिस’वरून १९२१ मध्ये संपादिकांना झालेल्या दंडाची माहिती वाचणाऱ्यांना असणारच. तथापि तरुण मराठी कवींना अधिक जवळचे उदाहरण बा. सी. मर्ढेकरांचे होते. ‘काही कविता’ १९४७ मध्ये आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. शिवाय शहाणे यांचा संबंध बंगाली साहित्याशी होता. १९६१ मध्ये ‘हंग्री’ पिढीचा जाहीरनामा निघाला, १९६४ मध्ये मलय रायचौधुरी यांना अटक झाली आणि १९६७ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांची निर्दोष मुक्तता केली. अलाहाबादेत १९६५ मध्ये अरविंद कृष्ण मेहरोत्रा यांनी दोन मित्रांसह इंग्रजीत असाच चक्रमुद्रित अंक काढला, तेव्हा तेही विशीच्या आतले होते. एकाच दशकात तीन भाषांत, तीन शहरांत एकसारखे प्रयत्न होत असतील तर अनुकरण हे स्पष्टीकरण अपुरे पडते. महाविद्यालयीन शिक्षण घेतलेली, इंग्रजी वाचणारी, हाती पैसा नसलेली पण कचेरीतले यंत्र वापरता येणारी पिढी सर्वत्र तयार झाली होती, याकडे लक्ष द्यावे लागते.

‘सत्यकथा’ आणि अन्यायाचा प्रश्न

लघुअनियतकालिकांचा रोख प्रामुख्याने ‘सत्यकथा’ मासिकावर होता. राजा ढाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यावर कठोर टीका केली आणि १९६०च्या दशकाच्या अखेरीस तिच्या अंकाची जाहीर होळीही केली. या प्रसंगाचे वर्णन आजवर बहुधा होळी करणाऱ्यांच्या बाजूने झाले आहे. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांचे संपादन अतिशय काटेकोर होते. लेखकाला सविस्तर पत्रे लिहून पुनर्लेखन सुचविण्याची त्यांची पद्धत होती. हाच काटेकोरपणा तरुणांना जाचक वाटला. परंतु ‘सत्यकथा’ही काही व्यापारी मासिक नव्हते, तेही शेवटी १९८२ मध्ये बंद पडले. बंडखोरांपैकी काहींच्या कविता त्यात आलेल्याही होत्या. भांडण संपादक असावा की नसावा याविषयीचे होते. मित्रांच्या अंकात मजकूर नाकारणारा कोणी नसे. त्यामुळे उत्कृष्ट आणि सुमार लेखन शेजारी शेजारी छापले गेले. हा दोष मान्य करूनच या अंकांचे मोल ठरवावे लागेल.

मुंबईबाहेर : औरंगाबाद आणि धसई

‘वाचा’ औरंगाबादहून निघाले. नेमाडे आणि विज्ञानाचे प्राध्यापक असलेले चंद्रकांत पाटील यांचा त्यात पुढाकार होता. ‘हल्ली लेखकाचा लेखकराव होतो तो का?’ हा नेमाड्यांचा गाजलेला लेख याच अंकातला. औरंगाबादेतच गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ याच दशकाच्या अखेरीस उभे राहिले. त्याच्या पाठीशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्थापन केलेल्या मिलिंद महाविद्यालयातील वातावरण होते. मुंबईत वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहात ढाले, ज. वि. पवार, नामदेव ढसाळ यांची ऊठबस असे. १९७२ मध्ये ‘गोलपिठा’ आला, त्याच वर्षी दलित पँथरची स्थापना झाली आणि ‘साधना’च्या १५ ऑगस्टच्या अंकातील ढाले यांच्या लेखाने वादळ उठविले. १९७४ मध्ये ढाले आणि ढसाळ यांचे मार्ग वेगळे झाले. येथे अंकाच्या मैत्रीतून संघटना उभी राहिली आणि संघटनेच्या प्रश्नांनी मैत्रीवर ताण आणला.

या उदाहरणांवरून एक गोष्ट ठळकपणे दिसते. अंक तेथेच निघाला किंवा पोहोचला, जेथे महाविद्यालय, वसतिगृह वा चहाचे हॉटेल यांच्या आश्रयाने तरुणांचा गट जमत होता. मुरबाड तालुक्यातील धसईचा विचार करावा. सह्याद्रीच्या पायथ्याचे, आसपासच्या वाड्यावस्त्यांची बाजारहाट जेथे होते असे हे गाव. याच तालुक्यातून नाणेघाटाची वाट चढते. सातवाहनकाळापासून कोकण आणि घाटमाथा यांच्यातील व्यापार त्या वाटेने चालला. मुंबईपासूनचे अंतर फार नाही. तरीही १९६५ मध्ये धसईतील एखाद्या शिक्षकाला ‘असो’चा अंक मिळवायचा असता तर त्याच्यापुढे कोणता मार्ग होता? तालुक्यात रेल्वे नव्हती, म्हणून स्थानकावरील पुस्तकांचा ठेला नव्हता. शेजारच्या शहापूर तालुक्यात आसनगाव, खर्डी, कसारा ही स्थानके होती. परंतु ठेल्यावर नोंदणीकृत मासिके मिळत, असले अंक नव्हेत. मनिऑर्डरने वर्गणी पाठवावी तर वर्षाचे अंक किती हे संपादकच सांगू शकत नव्हते. तात्पर्य, मुंबईत मित्र असल्याखेरीज अंक मिळणे दुरापास्त होते. मैत्री हे या अंकांचे बळ होते. तिची कक्षा संपे तेथे अंकही संपे. ‘सत्यकथा’ मात्र, बंडखोरांना ती कितीही मूठभरांची वाटली तरी, वर्गणी भरली की टपालाने खेड्यातही येऊ शकत होती. ग्रामीण भागात काम करणाऱ्या अभ्यासकाने हा विरोधाभास नजरेआड करू नये.

कक्षेबाहेर राहिलेला दुसरा घटक स्त्रियांचा. वर दिलेल्या नावांत एकही स्त्री नाही, हा केवळ योगायोग मानता येणार नाही. रात्री उशिरापर्यंत हॉटेलात वा वसतिगृहात बसून अंक जुळविणाऱ्या मित्रमंडळात त्या काळी मुलींना जागाच नव्हती. पुढे १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘बायजा’ निघाले आणि १९८९ मध्ये विद्या बाळ यांनी ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केले, तेव्हा स्त्रियांनी आपली मंडळे वेगळी उभारली.

अंक गेले, पुस्तके राहिली

बहुतेक अंक थोड्याच काळात बंद पडले. परंतु त्यामागची मंडळी पांगली नाहीत. १९७६ मध्ये मुंबईत कोलटकर, आदिल जस्सावाला, मेहरोत्रा आणि गीव्ह पटेल या चार कवींनी ‘क्लिअरिंग हाउस’ ही प्रकाशनव्यवस्था उभारून एकमेकांची पुस्तके काढली. ‘जेजुरी’ त्यांपैकी एक. १९७७ मध्ये अशोक शहाणे यांच्या ‘प्रास प्रकाशना’ने ‘अरुण कोलटकरच्या कविता’ प्रसिद्ध केले. पुढे पाव शतकानंतर ‘भिजकी वही’सह कोलटकरांची अखेरची पुस्तकेही ‘प्रास’नेच काढली. सप्टेंबर २००४ मध्ये कोलटकरांचे निधन झाले तोवर हा व्यवहार चालू होता. ‘असो’ काही वर्षांत संपले, पण ते ज्या रीतीने निघाले ती रीत चाळीस वर्षे टिकली.

आज अभ्यासकापुढे येतात ती पुस्तके. ‘लेखकराव’ हा लेख ‘टीकास्वयंवर’मध्ये वाचावयास मिळतो, त्याच्या शेजारी ‘वाचा’त कोणता मजकूर होता हे बहुतेकांनी पाहिलेले नसते. मूळ अंक ग्रंथालयांत का नाहीत, याचे उत्तर पुन्हा अनियतपणातच आहे. ग्रंथालयाची खरेदी वार्षिक वर्गणीवर चालते. १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखालील अनुदानासाठी जी नोंदवही ठेवावी लागते, तिच्यात दैनिक, साप्ताहिक, मासिक असे रकाने असतात. केव्हा तरी निघणाऱ्या, किंमत आणि क्रमांक यांचा भरवसा नसलेल्या चक्रमुद्रित पानांना ग्रंथपालाने कोणत्या रकान्यात बसवावे? त्यामुळे जे अंक उरले ते लेखकांच्या आणि निवृत्त प्राध्यापकांच्या घरी, माळ्यावरच्या गठ्ठ्यांत. कागद मुळात हलका, शोषक आणि आम्लयुक्त. त्यावरील तेलकट शाई वर्षांगणिक पसरते आणि अक्षराच्या भोवती पिवळे वलय धरते. ‘शब्द’च्या पहिल्या अंकांना आता सत्तर वर्षे उलटली आहेत.

असा एखादा गठ्ठा महाविद्यालयीन ग्रंथालयाकडे आलाच, तर तो रद्दीत जाण्यापूर्वी त्याची पाने क्रमाने लावून छायाप्रतिमा घेणे आणि दाखलनोंदीत अंकाच्या नावाबरोबरच शेवटच्या पानावरचा मजकूर जसाच्या तसा उतरविणे आवश्यक आहे. संपादकांची नावे अन्यत्रही मिळतात. स्टेन्सिल कोणी कापला, यंत्र कोणाच्या कचेरीतले होते, प्रती कोणाच्या पत्त्यावर मिळतील, हे असलेच तर त्या शेवटच्या पानावरच लिहिलेले असते.